लाकडाचं विमान आणि शिवणाच्या वहीतलं रिकामं पान
(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं की, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआय आल्यावर आपल्या पोरांच्या नोकऱ्यांचं काय होणार यावर पंधरा मिनिटं बोल. मी नाही म्हटलं. त्या विषयावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी इतकं ज्ञान येतं की माझ्यासारख्या त्याच धंद्यात असलेल्या बाईला त्यात भर घालायला काही उरत नाही. मी आज एका विमानाबद्दल बोलणार आहे. लाकडाच्या, दोन माणसांच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या विमानाबद्दल. त्याचा आपल्या शाळेशी काय संबंध, हे तुम्ही मनात म्हणाल. संबंध आहे, आणि तो मला जरा अडचणीत आणणारा आहे. म्हणून तो आधीच सांगून टाकते.

आठवीत आपल्याला कार्यानुभवाचा तास होता. मुलांना सुतारकाम, मुलींना शिवणकाम. मुलं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करवत चालवायची, आणि आम्ही वर्गात बसून मांजरपाटाच्या तुकड्यावर धावदोरा, उलटी टीप, हेम आणि काजं घालायचो. प्रत्येक टाक्याचा नमुना वहीच्या एकेका पानावर चिकटवायचा आणि खाली नाव लिहायचं. मला त्या शेडमध्ये जायचं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं, तर एक मुलगा, आता तो इथेच तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे, मला म्हणाला, "तुले काय सुतारकी कराची हाये काय?" त्याने त्या वर्षी केलेला चौरंग एका पायावर डुगडुगत होता हे मी इथे नमूद करते.

राग त्याचा आला आणि काढला मी भलतीकडेच. नववीत बाई वह्या तपासत होत्या. माझी दोन पानं रिकामी होती. बाईंनी विचारलं, नमुने कुठे आहेत? मी भर वर्गात म्हणाले, "बाई, मला शिवणकाम करून पोट नाही भरायचं." वर्ग चिडीचूप झाला. बाईंनी वही मिटली आणि एवढंच म्हणाल्या, "बरं. पण पान रिकामं ठेवू नको."

बाई संध्याकाळी घरी लोकांचे ब्लाउज शिवत, आणि त्या मशीनवर त्यांनी दोन धाकट्या भावांची शिक्षणं केली, हे मला कॉलेजात गेल्यावर आईकडून कळलं. तोवर खामगाव सुटलं होतं. जलंबची शटल, मग शेगावचं इंजिनिअरिंग, मग पुणे. ते पान रिकामंच राहिलं.

आता विमान.

२०१८ साली कंपनीच्या कामासाठी मी लंडनला होते. एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून तिथल्या सायन्स म्युझियममध्ये गेले. तिथे विमानांच्या दालनात छताला एक छोटं विमान टांगलेलं आहे. एकावर एक असे दोन मजली पंख, हिरवं अंग, रुपेरी पंख, आणि एकामागे एक दोन उघड्या बैठका. नाव 'जेसन'. १९३० साली एमी जॉन्सन नावाची सव्वीस वर्षांची मुलगी हे विमान एकटीने चालवत इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली. मी खालून मान वर करून बघत होते. पंखाच्या कापडावर ठरावीक अंतराने पट्ट्या दिसत होत्या, आणि पट्टीखाली बारीक बारीक उंचवटे, ओळीने. मला ते काय आहे हे पाटी न वाचता कळलं. ते टाके होते. विमानाला टाके घातलेले होते.

त्या दिवसापासून हा माझा छंद झाला आहे. मुलं म्हणतात, आईला वेड लागलं आहे.

या विमानाचं नाव डी हॅविलंड डीएच-६० मॉथ. मॉथ म्हणजे दिव्यावर येतो तो पतंग. कंपनीचे मालक जेफ्री डी हॅविलंड यांना फुलपाखरं आणि पतंग यांचा अभ्यास करायचा नाद होता. या विमानाचे पंख मागे वळवून अंगालगत मिटता येत, पतंग बसल्यावर मिटतो तसे. मिटलं की रुंदी दहा फुटांच्या आत येई. मोटारीला मागे बांधून ओढून न्यावं आणि गोठ्याएवढ्या शेडमध्ये ठेवावं. २२ फेब्रुवारी १९२५ला ते पहिल्यांदा उडालं, आणि उडवलं खुद्द डी हॅविलंड यांनीच.

पहिलं महायुद्ध १९१८ला संपलं होतं. विमान बनवता येणारे लोक होते, उडवता येणारे लोक होते, पण विमान विकत घेणारं कोणी नव्हतं. लष्कराला नको होतं आणि सामान्य माणसाला परवडत नव्हतं. मुख्य अडचण इंजिनाची होती. युद्धातली इंजिनं एक तर फार मोठी, किंवा इतकी चिमुकली की दोन माणसं उचलताना त्यांचा जीव जाई. इथे फ्रँक हाफर्ड नावाच्या इंजिनिअरने जे केलं, ते ऐकून माझ्या धंद्यातला कोणीही माणूस उभा राहून टाळ्या वाजवेल. युद्धातून उरलेली आठ सिलिंडरची रेनॉ घराण्यातली इंजिनं स्वस्तात पडून होती. त्याने त्यातलं एक घेतलं आणि त्याचं अर्धं केलं. आठाचे चार सिलिंडर, जमतील तेवढे सुटे भाग तेच, खालचा डबा नवा. साठ हॉर्सपॉवरचं इंजिन तयार झालं. जुन्या कोडमधला चालणारा भाग उचलायचा, त्याच्याभोवती नवीन बांधायचं आणि वेळेत माल द्यायचा, हे आम्ही आजही करतो. फक्त आमचं कोड जमिनीवरच पडतं.

१९२८मध्ये त्याच कंपनीचं शंभर हॉर्सपॉवरचं जिप्सी इंजिन आलं, आणि विमानाला 'जिप्सी मॉथ' म्हणू लागले. किंमत ६५० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या थोडी वर. ही काही गरिबाची वस्तू नव्हती. पण क्लबने एक विकत घ्यावं आणि वीस जणांनी तासाप्रमाणे पैसे भरून शिकावं, हे आता शक्य झालं. इंग्लंडमध्ये सरकारी मदतीने असे क्लब निघाले आणि 'मॉथ' हे हौशी लोकांच्या विमानाचं नावच पडलं.

ते केलं कशाचं होतं, हे मी जरा रेंगाळून सांगणार आहे. कारण घरी परत येऊन हे वाचताना मला सारखी आपलीच माणसं आठवत होती.

सांगाडा स्प्रूस नावाच्या लाकडाचा. वजनाला हलकं, सरळ रेषेचं, गाठी नसलेलं. अंग म्हणजे एक लांबट पेटी: चार कोपऱ्यांना स्प्रूसचे चार लांब वासे, मध्ये आडव्याउभ्या पट्ट्या आणि वरून प्लायवूड. पंखात दोन आडवे वासे आणि त्यांवर ओवलेल्या पातळ लाकडी फासळ्या. पंखाला तो फुगीर आकार फासळ्यांमुळे येतो. हे सगळं जोडायला खिळे कमी आणि सरस जास्त. त्या काळच्या लाकडी विमानांत जो सरस वापरत, तो केसीनचा, म्हणजे दुधाचा. साय काढलेलं दूध नासवायचं, चोथा वाळवून त्याची भुकटी करायची आणि त्यात चुना वगैरे घालून पाण्यात कालवायचं. दूध नासलं म्हणून आपल्या आया हळहळायच्या. तिकडे त्या नासलेल्या दुधावर माणसं समुद्र ओलांडत होती.

सांगाड्यावर कापड. कापड लिननचं, म्हणजे जवसाच्या खोडाच्या धाग्याचं. आपल्याकडे जवस चटणीला आणि तेलाला, त्यांच्याकडे धाग्याला. जात वेगळी, झाड तेच. कापड ताणून बसवलं की त्यावर डोप नावाचं एक लुकण चढवायचं. डोप वाळताना कापड आकसतं आणि ढोलकीच्या कातड्यासारखं ताठ होतं. बोटाने वाजवलं तर टण्ण आवाज येतो. हे डोप सेल्युलोजपासून होतं आणि चांगलं सेल्युलोज मिळतं कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती. खामगावच्या माणसाला सरकीची लव म्हणजे काय, हे मी समजावून सांगू नये. लहानपणी जिनातून घरी येणाऱ्या काकांच्या भुवयांवर ती असायची.

जवस, सरकी आणि नासलेलं दूध. आपल्या बाजाराच्या दिवशी एका फेरीत मिळेल हे सगळं.

आणि मग टाके. हवेत पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो, म्हणून तर विमान वर उचललं जातं. पण तोच कमी दाब कापडालाही फासळीवरून वर ओढतो. नुसतं चिकटवलेलं कापड फुग्यासारखं उठेल आणि पंखाचा आकार गेला की विमानही गेलं. म्हणून लांब सुई घ्यायची, मेण लावलेला दोरा घ्यायचा, आणि पंखाच्या वरून खाली, फासळीला वळसा घालून खालून वर असा टाका घ्यायचा. गाठ मारायची, दोन-तीन इंच पुढे जायचं, परत तेच. पिंजारी गादीला आरपार टाके घालतो ना, कापूस एका बाजूला सरकू नये म्हणून? अगदी तसं. टाक्यांच्या ओळीवर कापडाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडा नागमोडी कापायच्या, म्हणजे दोरे सुटत नाहीत. वरून पुन्हा डोप. हीच ती पट्टी, जी मी लंडनला खालून बघत होते.

विमानांच्या कारखान्यांत हे शिवणकाम बहुतेक करून बायका करत. तिसऱ्या रांगेतल्या मित्रासाठी एक जादा माहिती: राईट बंधूंनी १९०३च्या आपल्या विमानाच्या पंखांची मलमल शिवणयंत्रावर स्वतः शिवली होती. त्यांना कोणी 'तुम्हाले काय शिवणकाम कराचं हाये काय' असं विचारल्याची नोंद नाही.

आता हे विमान आपल्या देशात कसं आलं ते सांगते. १९२८च्या सुमारास दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई इथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूला. जुहूचं मैदान म्हणजे तेव्हा समुद्रालगतची मोकळी जमीन, पावसाळ्यात चिखल. तिथे एक चोवीस वर्षांचा तरुण नाव नोंदवायला गेला आणि शिकवणाऱ्यासोबत पावणेचार तास उडून झाल्यावर एकटा उडाला. १० फेब्रुवारी १९२९ला त्याला परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांतला क्रमांक एक. तो तरुण म्हणजे जे. आर. डी. टाटा.

एका टाकीत मॉथ साधारण ५०० किलोमीटर जाई. म्हणजे जुहूहून सुटलं तर नाकासमोर उडत आपल्या जिल्ह्यावरून जाऊन, अकोला मागे पडता पडता कुठल्यातरी पऱ्हाटीच्या शेतात उतरवावं लागलं असतं. वेग ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास. आजकाल समृद्धीवर आपल्यातले काही जण त्याहून जोरात जातात आणि ग्रुपवर फोटोही टाकतात. ते करू नका.

१९२९च्या अखेरीस आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. इंग्लंडहून भारतात किंवा भारतातून इंग्लंडला एकट्याने उडत जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होतं, पण प्रवास एका महिन्यात पुरा करायचा. तिघे उतरले आणि तिघांचीही विमानं जिप्सी मॉथ. मनमोहन सिंग यांच्या विमानाचं नाव 'मिस इंडिया'. ते पोचले, पण मुदतीच्या अटीत बसले नाहीत. दुसरे जेआरडी, तेव्हा पंचवीस वर्षांचे. तिसरा अस्पी इंजिनिअर. इंजिनिअर हे त्याचं आडनाव. वय सतरा. आपण अकरावीला असताना काय करत होतो, ते प्रत्येकाने आठवून बघावं.

अस्पी २५ एप्रिल १९३०ला इंग्लंडहून निघाला. जेआरडी ३ मेला कराचीहून उलट दिशेने निघाले. देशात तेव्हा काय चाललं होतं तेही लक्षात ठेवा. ५ मेला गांधीजींना अटक झाली. आपल्या वऱ्हाडात, दहीहंड्याला, खाऱ्या विहिरींच्या पाण्याचं मीठ करून सत्याग्रह नुकताच झाला होता. एकीकडे ते, आणि दुसरीकडे वाळवंटावरून उघड्या बैठकीत बसून ही दोन पोरं, मांडीवर नकाशा, रेडिओ नाही.

इजिप्तमध्ये अबुकीर म्हणून गाव आहे. जेआरडी तिथे उतरले, तर अस्पी अडकून पडलेला. जिप्सी इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. त्याचे प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा नव्हते. ज्यांनी लुना चालवली आहे, त्यांना प्लगचं दुःख वेगळं सांगायला नको. जेआरडींकडे जादा प्लग होते. त्यांनी ते दिले.

हा प्रसंग मी बऱ्याच जणांना सांगितला आहे आणि ऐकणारा दर वेळी विचारतो, का दिले? शर्यत होती ना? मला त्यात फार मोठं कोडं वाटत नाही. वाळवंटाच्या काठावर त्याच विमानाचा दुसरा माणूस बंद इंजिनाशेजारी बसला आहे आणि तुमच्या पेटीत प्लग आहे. ज्याने कधी यंत्राशी झुंज घेतली आहे, तो देतोच. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो, तेव्हा समोरच्या कंपनीतली मैत्रीण फोन उचलते. दुसऱ्या दिवशी त्याच टेंडरसाठी आम्ही एकमेकींच्या विरुद्ध असतो, आणि तरी उचलते.

अस्पी ११ मेला कराचीत उतरला. जेआरडी तेव्हा इंग्लंडला पोचायचे होते. बक्षीस अस्पीला मिळालं. पुढे १९६०मध्ये तो भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. हरलेल्याने काय केलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, आणि त्यातून पुढे एअर इंडिया झाली. ते विमान मात्र मॉथचं धाकटं भावंडं, पस मॉथ, बंद काचेच्या खोलीचं.

याच दिवसांत, ५ मेला, आपली एमी जॉन्सन लंडनहून निघाली होती. ही मुलगी वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट. सुट्टीच्या वेळी क्लबच्या शेडमध्ये जाऊन मेकॅनिकांच्या हाताखाली काम करायची. नुसता उडवण्याचा परवाना घेऊन थांबली नाही. विमानाच्या देखभालीचा ग्राउंड इंजिनिअरचा परवाना तिने १९२९मध्ये मिळवला. इंग्लंडमध्ये तो मिळवणारी ती पहिली बाई. तिला कोणी शेडच्या बाहेर ठेवलं नाही असं नव्हे. ती आत जात राहिली. विमान जुनं, सेकंडहँड घेतलेलं. नाव 'जेसन', कारण वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा तो छाप होता. म्हणजे आपल्याकडे ट्रॅक्टरवर दुकानाचं नाव रंगवतात, तेच.

सहाव्या दिवशी ती कराचीत. पुढे अलाहाबादकडे जाताना पेट्रोल संपत आलं, म्हणून झांशीला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरली. पंखाला मार लागला, तो तिथल्या माणसांनी जोडून दिला. कलकत्त्याहून पुढे ब्रह्मदेश. रंगूनजवळ मुसळधार पावसात तिने एक मोकळं मैदान हेरलं आणि उतरली. ते इनसेन इथल्या तंत्रशाळेचं खेळाचं मैदान होतं. विमान जाऊन चरात आदळलं. पंख फाटला, चाकांची बैठक मोडली, पंखा तुटला. जादा पंखा तिने अंगाला बांधून आणलेला होता. बाकीचं?

बाकीचं त्या तंत्रशाळेच्या मास्तरांनी आणि पोरांनी केलं. लाकडाच्या फासळ्या तासल्या, बसवल्या. कापड हवं होतं, विमानाचं लिनन रंगूनला कुठून मिळणार? तर युद्धानंतर उरलेलं विमानाचं कापड तिकडे विकलं गेलं होतं आणि त्याचे शर्ट शिवले गेले होते. ते शर्ट गोळा केले, उसवले आणि त्या तुकड्यांनी पंख पुन्हा शिवला. डोप गावातल्या औषधवाल्याने अंदाजाने तयार करून दिलं. तीन दिवसांत विमान उभं. २४ मेला एमी ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली.

मी म्युझियममध्ये उभी होते, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन वाचलं आणि रात्रभर एकच डोळ्यासमोर येत राहिलं: एका शाळेचं मैदान, पाऊस, आणि वर्गातून बाहेर आलेली पोरं. त्यातल्या कोणाला तरी टाका घालता येत होता. त्या दिवशी तिथे मी असते, तर मी काय कामाची होते? मला पायथन येतं.

आपल्या देशातल्या एका बाईचंही नाव सांगते. सरला ठकराल. १९३६ साली लाहोरला एकवीस वर्षांची ही मुलगी साडी नेसून जिप्सी मॉथच्या बैठकीत चढली आणि एकटी उडाली. घरी चार वर्षांची मुलगी होती. पुढे तिने हजार तासांचं उड्डाण पुरं केलं. मग नवरा विमान अपघातात गेला, युद्ध आलं, शिकणं थांबलं. लाहोरच्या कलाशाळेत जाऊन ती चित्रकला शिकली आणि फाळणीनंतर दिल्लीत साड्यांची आणि दागिन्यांची नक्षी करून तिने संसार उभा केला. बाई, हे वाचताना मला तुमचं मशीन आठवलं.

लाकडी मॉथचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. उष्ण आणि दमट हवेत दुधाच्या सरसाला बुरशी धरते, लाकूड फुगतं, सांधा सुटतो. कंपनीला ते लवकरच कळलं होतं, म्हणून १९२८पासूनच पोलादी नळ्यांच्या अंगाचं मॉथही मिळू लागलं. पंख मात्र लाकूड आणि कापडाचेच राहिले. १९३१मध्ये टायगर मॉथ आलं. ते आठ हजारांहून जास्त बनलं, आणि दुसऱ्या महायुद्धातले किती तरी वैमानिक, आपल्या वायुदलातलेही, त्यावर शिकले. त्याचं अंग धातूच्या सांगाड्याचं, पण पंखावरचे टाके तेच. जेआरडींनी १९८२मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्या पहिल्या टपालाच्या आठवणीसाठी कराचीहून मुंबईला पुन्हा एकट्याने विमान आणलं, तेही याच घराण्यातलं, लाकडी अंगाचं लेपर्ड मॉथ.

ज्या कोणाकडे जुनं मॉथ आजही उडतं, त्याला ठरावीक वर्षांनी सगळं कापड काढून नवीन शिवावं लागतं. त्याचं कोणतंही यंत्र निघालेलं नाही. एक माणूस पंखाच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये सुई.

माझं बोलणं इथे संपत आलं आहे. संयोजक घड्याळ दाखवत आहेत आणि जेवणात आज भरीत-भाकर आहे, हे मलाही कळलेलं आहे.

बाई, मी एक वस्तू आणली आहे. घर आवरताना आईने माझी नववीची वही जपून ठेवलेली सापडली. धावदोरा आहे, उलटी टीप आहे, हेम आहे, त्यावर तुमची लाल सही आहे. पुढची दोन पानं कोरी. त्यातलं एक मी गेल्या महिन्यात भरलं. बांबूच्या दोन कामट्या घेतल्या, त्यांवर मांजरपाट ताणला, आणि विमानाच्या फासळीला घालतात तो टाका घातला. मेणाचा दोरा मुलाने ओढून धरला होता. बारा टाके आहेत. सातव्याची गाठ सैल आहे, ते मला दिसतं आहे, पण उसवून पुन्हा घालायला गेले तेव्हा कापड फाटायला लागलं म्हणून ठेवलं. खाली नाव लिहिलं आहे, तुम्ही शिकवलं तसं.

एक पान अजून कोरं आहे, ते काज्यांचं. काजं मला तेव्हाही येत नव्हती आणि आताही येत नाहीत. जेवण झाल्यावर तुम्हाला वेळ असेल तर सुईदोरा माझ्या पर्समध्ये आहे.